छोटे बटण आणि मोठा प्रकाश



पावसाळ्यातील एक रात्र डोळ्यांपुढे आणा. पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यात, अरबी समुद्राच्या अगदी काठावर वाढवण हे गाव आहे. तेथून एक मालवाहू जीप निघाली आहे. तिला तलासरी तालुक्यातील एका पाड्यावर पोचायचे आहे. डांबरी रस्ता संपला की पुढे चिखलाची वाट, मध्ये ओढा, दोन्ही बाजूंना दाट झाडी आणि रस्त्यावर एकही दिवा नाही. गाडीचे नेहमीचे दिवे अपुरे पडतात, म्हणून मालकाने बंपरवर दोन जादा दिवे बसवून घेतले आहेत. चालकाने समोरचे छोटे बटण दाबले. झगझगीत उजेड पडला. सगळे खूश!

पण पंधरावीस मिनिटांनी काय होते पाहा. दिव्यांचा प्रकाश पांढरा न राहता पिवळट दिसू लागतो. बटणाला हात लावावा तर ते गरम झालेले असते. थोड्या वेळाने प्लॅस्टिक जळाल्याचा वास येतो. चालक घाईघाईने बटण बंद करतो, पण ते आतल्या आत चिकटून बसले आहे. दिवे बंद होतच नाहीत!

दिवे चांगले, बॅटरी चांगली, बटणही नवे. मग चुकले कोठे? या प्रश्नाचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. ओहमचा नियम, विद्युत्प्रवाहाचा उष्णता परिणाम आणि विद्युत्चुंबक हे तीन धडे एकत्र आणले की कोडे सुटते. चला तर, एकेक पायरी चढत जाऊ या.

प्रवाह किती वाहतो?

आपल्या जीपची बॅटरी १२ व्होल्टची आहे. जादा दिवे दोन असून प्रत्येक ५५ वॅटचा, तारेच्या फिलॅमेंटचा हॅलोजन दिवा आहे. दोन्ही मिळून ११० वॅट झाले. शक्ती म्हणजे विद्युद्दाब गुणिले विद्युत्प्रवाह. म्हणून प्रवाह काढण्यासाठी ११० ला १२ ने भागा. उत्तर येते सुमारे ९.२ अँपिअर.

आता घरातल्या दिव्याशी याची तुलना करा. घरात विद्युद्दाब २३० व्होल्ट असतो. तेथे ११० वॅटचे दिवे लावले तर प्रवाह जेमतेम अर्धा अँपिअर वाहतो. शक्ती तितकीच, पण गाडीत प्रवाह सुमारे एकोणीसपट! कारण उघड आहे. दाब कमी असला की तेवढीच शक्ती पोचवण्यासाठी प्रवाह जास्त लागतो. दुसऱ्या महायुद्धातील जीप गाड्यांची बॅटरी तर ६ व्होल्टचीच होती. त्या गाडीवर हेच दिवे लावायचे झाले असते तर १८ अँपिअरहून अधिक प्रवाह लागला असता.

गाडीच्या पुढच्या फळीवर बसणारी छोटी, स्वस्त बटणे अनेकदा चारपाच अँपिअर प्रवाहासाठीच बनवलेली असतात. त्यांच्यातून ९ अँपिअर नेणे म्हणजे पायवाटेवरून मालट्रक नेण्यासारखे आहे.

त्यातच आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. दिवा थंड असताना त्याच्या टंगस्टन तारेचा रोध, ती तापलेली असतानाच्या रोधाच्या मानाने फारच कमी, सुमारे दहाव्या हिश्शाएवढा किंवा त्याहूनही कमी असतो. त्यामुळे बटण दाबताच क्षणभर नेहमीच्या अनेक पट प्रवाह उसळतो. त्या क्षणी बटणातील संपर्कबिंदूंवर ठिणगी पडते. दर वेळी पडणाऱ्या ठिणगीने ते बिंदू खडबडीत होतात, त्यांचा रोध वाढतो, ते अधिक तापतात आणि अखेर एकमेकांना चिकटून बसतात. आपल्या चालकाचे बटण बंद का होईना, ते आता समजले ना?

तार म्हणजे फुकटचा रस्ता नव्हे

गणितात आपण तारेचा रोध बहुधा शून्य धरतो. प्रत्यक्षात तसे नसते. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर जाडीच्या आणि १ मीटर लांबीच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण पुढे पाहा.

आपल्या जीपमध्ये वायरिंग कसे केले होते? बॅटरी बॉनेटखाली. तेथून तार चालकापुढच्या बटणापर्यंत आत गेली, बटणातून पुन्हा बाहेर आली आणि पुढच्या बंपरवरच्या दिव्यांपर्यंत पोचली. वळसे धरून ही वाट ६ मीटरची झाली असे समजा. तार १ चौरस मिलिमीटरची. मग रोध झाला ६ × ०.०१७, म्हणजे सुमारे ०.१ ओहम. त्यातून ९.२ अँपिअर प्रवाह गेला की तारेतच ०.९ व्होल्टहून अधिक दाब खर्च होतो. दिव्यापर्यंत पोचतात फक्त ११ व्होल्ट.

एका व्होल्टने काय बिघडते, असे तुम्ही म्हणाल. येथेच मौज आहे. फिलॅमेंटच्या दिव्याचा प्रकाश विद्युद्दाबाच्या साध्या प्रमाणात बदलत नाही, तर दाबाच्या तिसऱ्या घाताहूनही किंचित अधिक वेगाने बदलतो. दाब ८ टक्क्यांनी घटला की प्रकाश सुमारे पाव हिश्शाने कमी होतो. कमी तापलेली तार पिवळट दिसते, हेही तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे मालकाने पैसे मोजले पूर्ण दिव्याचे, आणि उजेड मिळाला तीन-चतुर्थांश! राहिलेली शक्ती तारेत आणि बटणात उष्णता होऊन वाया गेली.

यावर उपाय काय? तार जाड करावी आणि वाट आखूड करावी. पण चालक बसतो आत आणि बॅटरी व दिवे आहेत पुढे. प्रवाहाला आखूड वाटेने जाऊ द्यायचे आणि त्याचा ताबा मात्र चालकाच्या हाती ठेवायचा, हे कसे जमावे?

जोसेफ हेन्रीची युक्ती

असाच पेच जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांपुढे उभा होता. विद्युत्प्रवाहामुळे चुंबकसूची हलते, हे ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने १८२० मध्ये दाखवले. १८२५ मध्ये इंग्लंडमधील विल्यम स्टर्जन याने लोखंडाभोवती तार गुंडाळून विद्युत्चुंबक तयार केला. अमेरिकेतील जोसेफ हेन्री याने पुष्कळ वेढे देऊन विद्युत्चुंबक फार शक्तिशाली केला. लांब तारेतून आलेला क्षीण प्रवाह मोठे काम करू शकत नाही. पण तो एक छोटा विद्युत्चुंबक जागा करू शकतो. त्या चुंबकाने एक संपर्क जोडावा किंवा तोडावा, आणि तेथे ठेवलेल्या दुसऱ्या जोरदार बॅटरीच्या मंडलाचा ताबा घ्यावा, ही कल्पना हेन्रीने १८३५ च्या सुमारास प्रिन्स्टन येथे विद्यार्थ्यांना करून दाखवली. हाच रिले.

तारायंत्राला या युक्तीचा फार उपयोग झाला. शेकडो किलोमीटर तारेतून जाताना संदेशाचा प्रवाह दुबळा होत जाई. मग वाटेत ठिकठिकाणी रिले बसवत. दुबळा प्रवाह रिलेची पत्ती हलवी आणि तेथील ताज्या बॅटरीतून तोच संदेश नव्या जोमाने पुढच्या टप्प्याकडे निघे. पूर्वी आपल्याकडेही डाक अशीच चाले. थकलेला घोडा किंवा हरकारा चौकीवर थांबे आणि ताज्या दमाचा पुढे धावे. इंग्रजीत प्रवासात टप्प्याटप्प्याला बदलण्यासाठी ठेवलेल्या घोड्यांना ‘रिले’ म्हणत. तेच नाव या यंत्राला मिळाले. भारतात तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारायंत्र गेले, पण रिले मात्र राहिला.

रिलेच्या पोटात काय असते?

गाडीचा रिले म्हणजे काड्यापेटीहून लहान, काळ्या प्लॅस्टिकची चौकोनी डबी. तिच्या आत चार गोष्टी असतात : लोखंडी गाभ्यावर बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी, तिच्यासमोर लोखंडाची हलती पत्ती, पत्तीला मागे ओढणारी स्प्रिंग आणि संपर्कबिंदूंची जोडी. गुंडाळीतून प्रवाह गेला की गाभा चुंबक बनतो, पत्ती ओढली जाते आणि ‘टक्’ असा आवाज होऊन संपर्क जुळतो. प्रवाह थांबला की चुंबकत्व नाहीसे होते, स्प्रिंग पत्ती मागे खेचते आणि संपर्क तुटतो. वीज गेल्यावर घरातील इन्व्हर्टर ‘टक्’ करतो, तो आवाज बहुधा याचाच.

गाभा पोलादाचा न करता मऊ लोखंडाचा का करतात? पोलाद एकदा चुंबक झाले की सहजासहजी चुंबकत्व सोडत नाही. तसे झाले तर पत्ती सुटणारच नाही आणि दिवा जळतच राहील.

डबीच्या खाली पितळेच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्याशेजारी आकडे छापलेले असतात. हे आकडे एका जर्मन मानकातून आले असून आज जगभर वापरले जातात. ते असे :

८५ आणि ८६ : गुंडाळीची दोन टोके.
३० : बॅटरीकडून येणारा मुख्य प्रवाह.
८७ : दिव्याकडे जाणारा प्रवाह. रिले ओढला गेला की ३० आणि ८७ जोडले जातात.
८७ अ : हे काही रिलेंतच असते. रिले सुटलेला असताना ३० याला जोडलेला असतो, आणि ओढला गेला की तुटतो.

गुंडाळीचा रोध ८० ओहम आहे असे धरा. १२ व्होल्टला तिच्यातून ०.१५ अँपिअर प्रवाह जाईल. म्हणजे ०.१५ अँपिअरच्या इशाऱ्यावर ९.२ अँपिअर प्रवाह सुरू किंवा बंद होतो. साठपटींहून अधिक! हे ऊर्जेचे गुणन नव्हे, हे मात्र विसरू नका. दिव्याची ऊर्जा बॅटरीच देते. रिले फक्त दरवाजा उघडतो आणि लावतो.

आता वायरिंग बदलू या

रिले बॉनेटखाली, बॅटरी आणि दिवे यांच्या जवळ बसवतात. बॅटरीच्या धन टोकापासून जाड तार फ्यूजमधून रिलेच्या ३० ला जाते. ८७ पासून तशीच जाड तार दिव्यांना जाते. दिव्यांचे दुसरे टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडतात. बॅटरीचे ऋण टोकही सांगाड्यालाच जोडलेले असते, म्हणून सांगाडाच परतीच्या तारेचे काम करतो. मेकॅनिक याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. हे झाले शक्तीचे मंडल.

दुसरे मंडल इशाऱ्याचे. चालकाच्या बटणातून एक बारीक तार रिलेच्या ८६ ला येते, आणि ८५ सांगाड्याला जोडतात. या तारेतून फक्त ०.१५ अँपिअर वाहतो. म्हणून ती बारीक असली, लांब असली तरी चालते. बटणही गरम होत नाही.

पुन्हा हिशेब करू. जाड तार २.५ चौरस मिलिमीटरची आणि वाट दीड मीटरची घ्या. रोध सुमारे ०.०१ ओहम. दाबातील घट ०.१ व्होल्टहून कमी. पूर्वी जवळजवळ एक व्होल्ट वाया जात होता, तो आता दिव्याला मिळाला. दिवे तेच, बॅटरी तीच, पण उजेड पांढरा आणि पूर्ण!

एक सूक्ष्म गोष्ट राहिली. बटण बंद करताच गुंडाळीतील चुंबकक्षेत्र एकदम कोसळते, आणि लेन्झच्या नियमाप्रमाणे गुंडाळीत उलट दाब उसळतो. हा दाब क्षणभर कित्येक दहा व्होल्ट, कधी शंभराहूनही अधिक असू शकतो. गाडीतील नाजूक इलेक्ट्रॉनिक भागांना तो घातक ठरतो. म्हणून चांगल्या रिलेत गुंडाळीला समांतर एक डायोड किंवा रोध जोडलेला असतो. डायोडची पट्टा असलेली बाजू धन टोकाकडे, म्हणजे ८६ कडे असते. उसळलेला प्रवाह त्यातल्या त्यात फिरून विरून जातो. डायोड असलेल्या रिलेत ८५ आणि ८६ यांची अदलाबदल मात्र करता येत नाही. का, ते तुम्हीच विचार करून सांगा.

फ्यूज कोणाच्या रक्षणासाठी?

‘दिवा जळू नये म्हणून फ्यूज’ असे अनेकांना वाटते. ते बरोबर नाही. फ्यूज तारेचे रक्षण करतो. समजा, खडबडीत वाटेवर हादरे बसून तारेचे आवरण घासले गेले आणि उघडी तार सांगाड्याला टेकली. आता वाटेत दिवा नाही. रोध आहे फक्त दीड मीटर तारेचा आणि बॅटरीच्या आतला, दोन्ही मिळून शतांश ओहमच्या घरात. ओहमचा नियम लावा : प्रवाह शेकडो अँपिअर! काही क्षणांत तार लाल होते, आवरण पेट घेते आणि शेजारीच इंधनाची नळी असते. गाडीला आग लागण्यास एवढे पुरे.

म्हणून दोन नियम पाळावेत. पहिला, फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ असावा. फ्यूजच्या आधीच्या तारेला कोणाचेच संरक्षण नसते. दुसरा, फ्यूजची क्षमता दिव्याच्या प्रवाहापेक्षा जास्त, पण तारेच्या क्षमतेपेक्षा कमी असावी. आपल्या ९.२ अँपिअरच्या मंडलाला १५ अँपिअरचा फ्यूज योग्य. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर त्याजागी चांदीचा कागद किंवा तारेचा तुकडा बसवू नये. कुत्रा भुंकतो म्हणून त्याला हाकलून द्यायचे आणि चोराला दार मोकळे करायचे, असा तो प्रकार होईल.

वाढवणची खारी हवा

समुद्रकाठच्या गावात आणखी एक शत्रू असतो. सागरी वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात. ते तारांच्या जोडांवर बसतात, हवेतील ओल शोषतात आणि जोड ओलसर, खारट ठेवतात. मिठाचे पाणी विजेचे वाहक असल्याने गंजण्याची क्रिया वेगाने चालते. लोखंडावर तांबूस गंज आणि तांब्यावर हिरवट थर चढतो. हे थर विजेचे चांगले वाहक नव्हेत.

समजा, दिव्याचा अर्थचा बोल्ट गंजला आणि त्या जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम झाला. ९.२ अँपिअरचा वर्ग करून ०.१ ने गुणा. सुमारे साडेआठ वॅट उष्णता त्या एका ठिपक्यात निर्माण होईल. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नचा हा तिसरा हिस्सा झाला. प्लॅस्टिक वितळायला तेवढे खूप झाले. म्हणून जाणकार वायरमन अर्थच्या जागेवरचा रंग खरवडून पत्रा लखलखीत करतो, घट्ट बोल्ट बसवतो आणि वरून ग्रीसचा थर देतो. रिले तोंड खाली करून बसवतो, म्हणजे पाणी आत साचत नाही. तारांचे जोड नुसते पिळून टेप गुंडाळण्याऐवजी पितळी लग दाबून किंवा डाख देऊन करतो.

समोरच्याच्या डोळ्यांचा प्रश्न

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जादा दिवे चालकाला दाखवतात, तसेच समोरून येणाऱ्याला आंधळे करतात. झगझगीत उजेडाने दिपलेले डोळे पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. तीन सेकंद डोळे दिपले तर स्वार ४२ मीटर अंतर जवळजवळ न पाहता जाईल. तेवढ्यात रस्त्याकडेने चालणारे माणूस असेल, खड्डा असेल, गुरे असतील. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतही पुढील दिव्याचा झोत समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असा खाली वळलेला असावा, अशी तरतूद आहे. म्हणून सार्वजनिक रस्त्यासाठी जादा दिवे बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयात नियम विचारून घ्यावा, आणि शेताच्या किंवा जंगलाच्या वाटेसाठी बसवलेले दिवे रस्त्यावर झाकून ठेवावेत.

पण माणूस विसरतो. समोरून गाडी आली की चालक सवयीने अप्परचा डिपर करतो. जादा दिव्यांचे वेगळे बटण बंद करायला मात्र विसरतो. येथे रिले मदतीला येतो. ८६ कडे जाणाऱ्या बारीक तारेला वीज सरळ बॅटरीतून न देता हेडलाइटच्या अप्परच्या तारेतून द्यायची आणि मध्ये बटण ठेवायचे. आता दिवे केव्हा लागतील? अप्पर चालू असेल ‘आणि’ बटण चालू असेल, तेव्हाच. चालकाने डिपर केला की गुंडाळीचा प्रवाह तुटतो आणि जादा दिवे आपोआप विझतात. विसरण्याची सोयच उरत नाही! (सर्व गाड्यांची वीजजोडणी सारखी नसते. म्हणून आधी गाडीचा वायरिंगचा नकाशा पाहावा लागतो.)

या ‘आणि’ शब्दाकडे नीट पाहा. दोन कळा एकसर जोडल्या की ‘आणि’ होतो. समांतर जोडल्या की ‘किंवा’ होतो. ८७ अ हे टोक वापरले की ‘नाही’ होतो, कारण गुंडाळीत प्रवाह असताना तेथे प्रवाह नसतो. रिलेची मंडले तर्कशास्त्राच्या बीजगणिताने मांडता येतात, हे क्लॉड शॅनन या तरुण अमेरिकन विद्यार्थ्याने १९३७ मध्ये आपल्या प्रबंधात दाखवले. पुढे हजारो रिले जोडून गणकयंत्रे बनली. १९४७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या अशाच एका यंत्रात रिलेच्या संपर्कांमध्ये एक पतंग अडकलेला सापडला, आणि यंत्र सांभाळणाऱ्यांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला! आजच्या संगणकात रिलेची जागा ट्रान्झिस्टरने घेतली आहे, पण ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ हे तीन शब्द तेच आहेत.

स्वतः करून पाहा

साहित्य : ६ मिलिमीटर जाडीचा व ५ सेंटिमीटर लांबीचा लोखंडी बोल्ट, ३४ नंबरची इनॅमल दिलेली तांब्याची तार सुमारे १० मीटर, पत्र्याच्या डब्यातून कापलेली १० सेंटिमीटर लांब व दीड सेंटिमीटर रुंद पट्टी, लाकडी फळी व एक ठोकळा, टॉर्चचे चार घट, टॉर्चचा ३ व्होल्टचा दिवा होल्डरसह, एक कळ.

बोल्टवर कागदाचा एक थर गुंडाळून त्यावर तारेचे सुमारे ४०० वेढे एकाच दिशेने द्या. दोन्ही टोकांवरील इनॅमल काचकागदाने खरवडा. बोल्ट डोके वर करून फळीवर उभा बसवा आणि डोक्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावा, म्हणजे पट्टी तेथे चिकटून राहणार नाही. पट्टीच्या कडा बोचतात, त्या आधी घासून घ्या. तिचे एक टोक ठोकळ्यावर असे ठोका, की मोकळे टोक बोल्टच्या डोक्यावर दोनतीन मिलिमीटर अधांतरी राहील. त्या टोकाखाली, बोल्टच्या शेजारी, जाड तांब्याची तार उभी करा. पट्टी खाली आली की ती या तारेला टेकली पाहिजे. टेकण्याच्या जागेवरचा पट्टीचा रंग खरवडा.

दोन घट, कळ आणि गुंडाळी यांचे एक मंडल करा. उरलेले दोन घट, दिवा, पट्टी आणि उभी तार यांचे दुसरे मंडल करा. कळ दाबा. ‘टक्’ होऊन दिवा लागेल. गुंडाळीचा रोध सुमारे ४ ओहम असल्याने तिच्यातून पाऊण अँपिअरपर्यंत प्रवाह जातो. म्हणून कळ फार वेळ दाबून ठेवू नका, घट लवकर उतरतील. पट्टी हलली नाही तर अंतर कमी करा. या प्रयोगाला गाडीची बॅटरी किंवा घरातील वीज कधीही जोडू नका. गाडीच्या वायरिंगला हात लावायचा झाल्यास जाणत्या वायरमनच्या देखरेखीखाली आणि बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवूनच लावा.

तुमच्या या रिलेत एक दोष आहे. दिवा सांगाड्यासारखा पट्टीलाच जोडलेला आहे, आणि पट्टी जुनी झाली की तिची लवचिकता कमी होईल. खऱ्या रिलेत हे दोष कसे टाळले असतील?

जाता जाता

आता एल.ई.डी. दिवे आले आहेत. २० वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टला साडेतीन अँपिअरहूनही कमी प्रवाह घेतात आणि उजेड चांगला देतात. मग रिले नको का? बटण सोसू शकेल एवढाच प्रवाह असेल तर एखाद्या वेळी तो नसला तरी चालते. पण लांब तारेतील घट, फ्यूज, गंज आणि समोरच्याचे डोळे हे प्रश्न दिवा बदलल्याने सुटत नाहीत.

आणि रिले काही फक्त जीपमध्ये नसतो. डहाणूला १९९५ पासून वीज निर्माण करणारे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. अशा केंद्रात दोष निर्माण होताच विद्युत्प्रवाह तोडण्याचा हुकूम देणारी साधने ‘संरक्षक रिले’च म्हणवली जातात. डहाणू रोड स्थानकातून रेल्वेने जाल तेव्हा सिग्नलकडे पाहा. रेल्वेच्या सिग्नल यंत्रणेत रिलेचा उपयोग अशा रीतीने करतात, की तार तुटली किंवा वीज गेली तर रिले सुटतो आणि सिग्नल धोक्याचा, म्हणजे लाल होतो. यंत्र बिघडले तरी माणूस वाचावा, असा तो विचार आहे.

शेवटी एक प्रश्न तुमच्यासाठी. आपल्या जीपच्या मालकाला मागे सामान उतरवण्यासाठीही एक दिवा हवा आहे. गाडी मागे घेताना तो आपोआप लागावा, किंवा वेगळे बटण दाबल्यावर लागावा, पण पुढचे जादा दिवे चालू असताना मात्र लागू नये. किती रिले लागतील, आणि ८७ अ हे टोक कोठे वापराल? कागद-पेन्सिल घ्या, आकृती काढा आणि आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.